नुसतं बघत बसा, असं मी म्हटलेलं नाही

ताई, मुलांच्या खोकल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मूल रात्रभर खोकतंय आणि तुम्ही म्हणता सिरप देऊ नका. मग आईने काय नुसतं बघत बसायचं? आमच्याकडे सहा महिन्यांच्या बाळालाही मध चाटवत, कुणाला काही झालं नाही." तुम्ही रागावलात, पण त्या रागामागची जागरणं मला ओळखीची आहेत.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना मीही चिठ्ठीशिवाय दुकानातून सिरप आणलं होतं. ढास थांबली नाही, पोर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत होतं. दूध प्यायलाही उठेना. ती दुपार मी विसरलेले नाही. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली आणि त्यातली कितीतरी परत गेलीच नाहीत. साध्या सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं होतं. त्याने लघवी बंद होते, मूत्रपिंडं निकामी होतात. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की 2 वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, 5 वर्षांखालीही सहसा नकोत. ती एक भेसळीची बाटली होती, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण सर्दीनंतरचा कोरडा खोकला बहुतेक मुलांचा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. मग ती बाटली घरात आणायचीच कशाला?

आता मध. वर्षाच्या आत एक थेंबही नको. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे क्वचित होतं, म्हणून तुमच्या घरात कुणी पाहिलं नसेल. वर्ष उलटल्यावर मात्र तुमच्या घरची रीत अगदी बरोबर. झोपताना अर्धा ते एक चमचा मध घशाला खरोखर आराम देतो. ही वयाची अट मी लेखात पार शेवटी टाकली होती, ती माझी चूक. आता ती वर घेतली आहे. वेखंडाची धुरी मात्र कोणत्याच वयात नको, धुराने ढास वाढतेच.

आणि बघत बसणं म्हणजे काही न करणं नव्हे. कोमट पाणी, पातळ वरण, अंगावरचं दूध थोडं थोडं देत राहायचं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40, आकडा इतका किंवा याहून जास्त आला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या दायांना हेच मोजायला शिकवलं. आपल्याला का जमू नये? बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल, तर आकडाही मोजू नका, निघा. शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तरीही थांबू नका.

तुमची नात आठ महिन्यांची आहे म्हणालात. आज रात्री ती झोपली की मोजा. आकडा 50 च्या खाली असेल तर इथे कळवा, मी वाट बघते. 50 किंवा त्याहून वर गेला तर लिहीत बसू नका, तिला घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.