दोन स्टारवाल्या जॅझ बासच्या रिव्ह्यूला उत्तर: हम (स्पीकरमधली घुंऽऽ अशी घरघर) आमच्याच चुकीमुळे येतोय

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू आधी चिडून वाचला, मग रात्री दुकान बंद केल्यावर शांतपणे परत वाचला, आणि तेव्हा लक्षात आलं की चूक आमचीच आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांकडे सत्तरच्या दशकातला फेंडर कंपनीचा जॅझ बास (बास गिटार) आहे. त्यात तारांचं कंपन पकडून विजेचा सिग्नल करणारे दोन पिकअप असतात, मानेकडचा नेक आणि तारा अडकवतात त्या टोकाकडचा ब्रिज. त्यातला मूळ ब्रिज पिकअप बंद पडला म्हणून त्यांनी आमच्याकडून साठच्या दशकाच्या धाटणीचा दोन्ही पिकअपचा पूर्ण सेट घेतला. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही व्हॉल्यूम फुल केले तरी हम जात नाही, ब्रिजच्या खाचेत पिकअप ढिला बसतो, आम्ही रेझिस्टन्स नेक 7.4 आणि ब्रिज 7.8 किलोओहम लिहिलंय पण जॅकमध्ये केबल घालून मोजलं तर दोन्ही 7.0 दाखवतात म्हणजे आम्ही आतल्या तारेचे वेढे चोरले, आणि ब्रिज पिकअप नाकात बोलतो. टेक्निशियनने एका पिकअपच्या वायरी उलट करून बघितल्या तर हम गेला पण खालचा जाड आवाजही गेला, डबा वाजवल्यासारखा वाटतो. आणि या सगळ्यावर आमच्याकडच्या मुलाने चॅटवर एका ओळीत उत्तर दिलं, "सिंगल कॉइल आहे, हम येणारच."

तर त्या ओळीबद्दल आधी माफी. सिंगल कॉइल म्हणजे पिकअपमध्ये तारेची एकच गुंडाळी, आणि एकच पिकअप चालू असेल तर ती ओळ खरी आहे, पण जॅझ बासला दोन्ही सारख्या फुल असताना हम जवळजवळ गायब व्हायला हवा. प्रिसिजन या फेंडरच्याच दुसऱ्या बासला 1957 पासून एकाच पिकअपचे दोन तुकडे हे काम करतात, जॅझमध्ये ते दोन पिकअप मिळून करतात. एकाचं वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी) उलटं आणि मॅग्नेटही उलटे. गिटारच्या तारेचा सिग्नल दोनदा उलटतो म्हणजे सरळच राहतो, हम बाहेरून येतो त्याला मॅग्नेटशी देणंघेणं नाही, तो एकदाच उलटतो आणि कटतो. आता तुमच्या टेक्निशियनने वायरी उलट केल्यावर हम गेला आणि जाड आवाजही गेला, हे फक्त तेव्हाच होतं जेव्हा दोन्ही पिकअप एकाच जातीचे, म्हणजे वाइंडिंग आणि मॅग्नेट एकाच दिशेचे असतात. आणि ब्रिजचा पिकअप नेकपेक्षा दोन-तीन मिलीमीटर लांब असतो, तुमच्या खाचेत गॅप राहतोय. म्हणजे आम्ही तुम्हाला दोन नेक पाठवलेत! पॅकिंगच्या टेबलावर दोन सेट एकदम उघडे होते, तिथेच अदलाबदल झाली असणार, दुसरं काही कारण मला दिसत नाही.

खात्री करायची असेल तर दोन्ही पिकअप बाहेर काढून तोंडाला तोंड लावून धरा. बरोबर जोडी असेल तर चिकटतात, तुमचे एकमेकांना ढकलतील. ही परीक्षा पाच सेकंदांची आहे आणि आम्ही ती पाठवण्याआधी केली नाही, याची मला जास्त लाज वाटते.

मीटरचं मात्र ऐका, कारण तिथे वेढ्यांची चोरी झालेली नाही आणि गंमत म्हणजे खरा चोर तुमच्याच मीटरने पकडून दिला होता. जॅकवरून मोजताना एक व्हॉल्यूम फुल आणि दुसरा शून्य ठेवला की 250 किलोओहमचे दोन्ही पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचे) पिकअपला पॅरलल येतात, म्हणजे 125. त्यात 7.4 चा पिकअप 7.0 च दिसणार. पण 7.8 चा 7.3 च्या आसपास दिसायला हवा होता आणि तुम्हाला दोन्ही सारखे दिसले, तिथेच आमच्या मुलाची ट्यूब पेटायला हवी होती (माझीही दुसऱ्या वाचनात पेटली). शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स 10 अंशांच्या फरकाने जवळपास 4 टक्के हलतो, त्यामुळे दुपारी मोजलं की पहाटे यावरही आकडा बदलतो. नुसत्या ओहमवरून पिकअप घेऊ नका असं मी सगळ्यांनाच सांगतो, कोणी ऐकत नाही ते सोडा.

नाकात बोलण्याचं थोडं आमच्यामुळे, कारण ब्रिजला जे जास्त वेढे असतात ते तुम्हाला मिळालेच नाहीत. पण थोडं तुमच्या बासमुळेही आहे. सत्तरच्या दशकात फेंडरने ब्रिज पिकअप जवळपास 1 सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवला, तिथे तार कमी हलते आणि आवाज टोकदार येतो. साठचं वाइंडिंग घातलं म्हणून लाकडातली खाच काही मागे सरकत नाही. हे ऑर्डर घेताना आम्ही सांगायला हवं होतं, "साठचा आवाज" असं मोठ्या अक्षरात लिहायची हौस आमचीच.

अजून एक, हे बोलून मी स्वतःचाच धंदा कमी करतोय. तुमचा मूळ नेक पिकअप चालू होता ना? मग पूर्ण सेटची गरज नव्हती, तो परत बसवा. आमचा नवीन ब्रिज आला की आधी त्या जुन्या नेकशी तोंडाला तोंड लावून बघा, ढकलले तर सोल्डर करू नका, कळवा, मी उलट्या मॅग्नेटचा आणि उलट्या वाइंडिंगचा करून पाठवतो. आणि बंद पडलेला ब्रिज कृपा करून फेकू नका. त्या पिकअपमध्ये केसासारखी बारीक तार सरळ मॅग्नेटच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते, दांडी गंजली की तारेचं इनॅमल खाते, नाहीतर खालच्या आयलेटशी (तारेचं टोक सोल्डर केलेल्या धातूच्या कडीशी) तार तुटते. आयलेटपाशी तुटली असेल तर कधी कधी सोल्डरच्या एका डागात जिवंत होतो, नाहीतर तार नव्याने गुंडाळून रिवाइंड होतो, मॅग्नेट आणि फायबरच्या पट्ट्या मूळच्याच राहतात. खालचा फोम भुगा झाला असेल तर तेवढा बदला, नाहीतर पिकअप वर येणारच नाही आणि तुम्ही परत मला शिव्या द्याल.

ब्रिज पिकअप उद्या निघतोय, कुरिअर आमच्याकडून. चुकीचा दिलेला नेक आणि नको असेल तर दुसराही, सवडीने परत पाठवा, जे परत येईल त्याचे पैसे परत. टेक्निशियनच्या दुसऱ्या फेरीचं बिलही पाठवा. स्टार बदलायची घाई नको.

पाकिटावर मार्करने "ब्रिज" असं मी स्वतः लिहिलंय. तरी आधी खाचेत ठेवून बघा, मगच सोल्डरगन गरम करा.