कोलंबिया: नासाला ‘सगळं माहीत होतं’ का?

एक मजकूर अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. कोलंबिया या अवकाशयानातून गेलेल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परत येणार नाहीत हे नासाला कळलं होतं, पण त्यांना सांगितलं नाही. यान अवकाशस्थानकावर नेलं असतं तर सगळे वाचले असते. शेवटी इंधनाचा स्फोट झाला. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी स्फोटाचं बघू. मुख्य इंजिनांचं इंधन बाहेरच्या नारिंगी टाकीत असायचं आणि ती टाकी उड्डाणानंतर नऊ मिनिटांच्या आतच सोडून दिली जायची. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी याच टाकीवरचा पाऊण किलोचा उष्णतारोधक फोम सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. या कडेला उष्णतारोधक टाइल्स नसायच्या, कार्बनची पॅनेल्स असायची. परतीच्या वाटेवर तिथलं तापमान १,६०० अंश सेल्सिअसच्या घरात जायचं. १ फेब्रुवारीला परतताना फोमने पाडलेल्या भोकातून तप्त वायू आत शिरले, आतला ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळला आणि ताबा सुटलेलं यान टेक्ससवर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर हवेच्या माऱ्याने तुटलं. फोम मऊ असतो, त्याने काय होणार, असं वाटत असेल तर जुलै २००३ची चाचणी पाहा: तेवढ्याच वेगाने फोम मारल्यावर पॅनेलला ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली, कोलंबियाची ३९. कक्षा एवढी वळवायला सेकंदाला सुमारे १,७०० मीटर वेगबदल लागतो. यानाकडे जेमतेम १४० मीटरपुरतं इंधन होतं. शिवाय या मोहिमेत स्थानकाला जोडणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती.

लपवाछपवीचं म्हणाल, तर २३ जानेवारीला कमांडर आणि पायलटला फोम आदळल्याचा ईमेल गेला होता. परतीला अजिबात धोका नाही, असंही त्यात होतं. दोष आहे तो इथे. असा फोम आधीही सुटला होता, त्यामुळे त्याची सवय झाली होती. पंखाची छायाचित्रं काढा, अशी अभियंत्यांची मागणी वरिष्ठांनी पुढे नेली नाही. नासाला माहीत नव्हतं, कारण कुणी पाहिलंच नाही.

भोक पहिल्या काही दिवसांत दिसलं असतं तर एक वाट होती. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे पुरवून वापरले असते तर १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरता आला असता, आणि १ मार्चच्या उड्डाणासाठी सज्ज होत असलेलं अटलांटिस हे दुसरं यान घाईने पाठवता आलं असतं. जोखीम मोठी होती, पण चौकशी मंडळाने ही वाट शक्य मानली.