माळ, गोळी आणि बैठक

आमच्या नातेवाइकांत दारू सोडवण्याचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. माळ घातली की दारू सुटते, असे काहींचे म्हणणे. काहींना व्यसनमुक्ती केंद्राशिवाय इलाज दिसत नाही. तर काहींच्या मते जिल्ह्यात दारूबंदी होईपर्यंत सगळे व्यर्थ आहे. गोळ्या घेणे मात्र जवळपास सर्वांनाच मनाचा कमकुवतपणा वाटतो. अमेरिकेत ओहायो राज्यात राहून पाहते, तर इथेही हेच भांडण चालू आहे.

याच राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी बैठकींतून एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची सुरुवात झाली. पुढे साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन देण्याचा उपचार उभा करणारे डॉ. व्हिन्सेंट डोल हे याच संघटनेचे विश्वस्त होते, आणि दारूवरही असे औषध शोधावे, अशी विनंती संस्थापक बिल विल्सन यांनी आपल्याला केली होती, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. म्हणजे मुळात वैर नव्हतेच. तरीही हेरॉइन सोडून ब्युप्रेनॉर्फिन या मेथाडोनसारख्याच उपचाराच्या औषधाची पट्टी जिभेखाली ठेवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका तरुणाला एका स्वमदत गटात सांगण्यात आले की तू ऐकायला बस, पण बोलू नकोस, कारण तू अजून ‘स्वच्छ’ नाहीस. त्याने पट्टी सुरू ठेवली आणि बैठकीला जाणे बंद केले. त्याने उलट केले असते तर धोका अधिक होता. कारण औषध थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि हेरॉइनची पूर्वीइतकीच मात्रा जीव घेऊ शकते.

सगळे उपचार एकत्र केले की फायदा आपोआप वाढतो, असेही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कंबाइन’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दारूसाठी नॅल्ट्रेक्सोन ही तलफ कमी करणारी गोळी आणि समुपदेशन या दोहोंचा स्वतंत्रपणे उपयोग दिसला, पण दोन्ही एकत्र दिल्याने त्यात आणखी भर पडल्याचे दिसले नाही. म्हणून मला मिश्रणापेक्षा क्रम आणि मोकळीक महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने माळ घालून त्याच दिवशी दारू तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. ते पहिले दिवस डॉक्टरांचे आहेत. त्यानंतर माळेचे मोल खरे कळते, कारण माळेबरोबर दिंडी येते, न पिणारी माणसे येतात, संध्याकाळ भजनात जाते. अ‍ॅक्रनच्या बैठकीनेही हीच सोबत दिली. तलफ कमी करणारी गोळी या सोबतीच्या आड कुठे येते?

महाराष्ट्राला हे नवे नाही. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून औषधोपचार, गटचर्चा आणि कुटुंबाचे समुपदेशन एकाच छताखाली करत आले आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण तिथल्या मुक्तिपथ उपक्रमाने कायद्याच्या अंमलबजावणीला गावसंघटना आणि उपचार यांची जोड दिली. एवढे हाताशी असताना ‘हे की ते’ असा वाद घालणे मला क्लेशदायक वाटते.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून जेवणात औषध कालवणे. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूशी गाठ पडली की शरीराला त्रास देणारे औषध, असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हेच औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते, आणि मग रोज सकाळी ती गोळी त्याच्या हातावर ठेवण्याचे काम त्याच्या पत्नीला उघडपणे करता येते.