कर वाचवायचाय म्हणून लाख रुपये घातले, आणि कर मुळात शून्यच होता!

डोकं फिरलंय माझं. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, वर्षाचा पगार साडेदहा लाख. जानेवारीत बँकेतली बाई गोड बोलली, "सर, मार्चच्या आत टॅक्स सेव्हिंग करून घ्या, एफडीसारखंच आहे," आणि त्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारली. वर्षाला १ लाख, १२ वर्षं. परवा ऑफिसच्या कामासाठी पगाराचे कागद काढले तेव्हा कळलं, तो नव्या करप्रणालीत आहे आणि तिथे ८०सीची वजावटच, म्हणजे विम्यासारख्या बचतीचे पैसे करपात्र उत्पन्नातून वजा करायची सोयच, मिळत नाही.

२०२३-२४ पासून तुम्ही काही सांगितलं नाही तर नवीच प्रणाली लागते. २०२५-२६ साठी त्यात १२ लाखांपर्यंत कर नाही, आणि पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम. म्हणजे माझ्या भावाला एक रुपयाही कर नव्हता. जुन्या प्रणालीत गेला असता आणि ८०सीचे दीड लाख पूर्ण भरले असते, तरी सेससकट (करावरचा उपकर धरून) ८५,८०० रुपये कर बसला असता. हा हिशोब मी कागदावर पाच मिनिटांत केला. त्या बाईला येत नव्हता? येत होता. तिला महिन्याचं टार्गेट होतं, म्हणून तिने तो केला नाही. "तुम्ही जुन्यात की नव्यात?" एवढा एकच प्रश्न विचारायचा होता हो!

पॉलिसीचे कागद ईमेलवर आले होते. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. आता मुदत गेली. सोडली तर किती परत मिळतील विचारलं, तर "ब्रँचला येऊन भेटा." ब्रँचला गेलो, तर त्या मॅडमची बदली झालेली.

आणि हे एकट्याचं नाही. आमच्या मेव्हण्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनाही एकाने "जुन्यात या, पॉलिसीचा फायदा होईल" म्हणून पटवत आणलं होतं. धंदेवाल्याला पगारदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही. एकदा नव्यातून बाहेर पडून परत आलात, की धंदा आहे तोवर पुन्हा बाहेर पडता येत नाही. हे त्यांना सीएंनी सांगितलं, विकणाऱ्याने नाही.

८०सीची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तिथेच आहे, पण तिच्या नावावर विकणाऱ्यांचा उत्साह दर मार्चला वाढतच जातो. अरे, आमचा भाऊ बारा तास शिफ्टला उभा राहतो! त्या लाखातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आता तिला डॉक्टरची तारीख पुढे ढकलायला सांगायचं काम माझ्याकडे आलंय.