आडवा रंकाळा

कोल्हापूरच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एकानं कँडिन्स्की ह्या रशियन चित्रकाराचं अमूर्त चित्र टाकलं. पुतण्याच्या अभ्यासात आलंय म्हणे. खाली लिहिलं होतं, "ह्यात काय कळतंय का भावा? कलापुरात असलं चालत नसतंय." पटापट अंगठे पडले. मग कोल्हापूरच्या चित्रकारांची नावं आली, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर. चित्र बघायलाही शिकावं लागतं, एवढंच मी म्हणालो. लगेच उत्तर आलं, "तू तिकडं म्युनिकात बसून शहाणपण शिकवू नगंस."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

'कळत नाही' ही तक्रार मुळात कँडिन्स्कीचीच. १९१३ साली छापलेल्या आठवणींत त्यानं ती स्वतः लिहून ठेवलीय. मॉस्कोत कायदा शिकलेला हा माणूस तिथल्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार मोनेच्या एका चित्रापुढं उभा राहिला. ती गवताची व्हळी आहे हे त्याला कॅटलॉगमधून कळलं. ओळखता आलं नाही म्हणून तो खजील झाला, इतकं अस्पष्ट काढायचा चित्रकाराला हक्कच काय, असंही त्याला वाटलं. पण चित्र डोक्यातनं जाईना. १८९६ साली, तिशीत, सगळं सोडून तो इथं म्युनिकला चित्रकला शिकायला आला. मी वयाच्या त्याच वर्षी आलो, फक्त सॉफ्टवेअरसाठी.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालालांच्या चित्राच्या अगदी जवळ जाऊन कधी बघितलंय का ह्यांनी? पाण्याचं पाणी राहत नाही, नुसते रंग उरतात. हे ग्रुपवर लिहिलं. इथल्या लेनबाखहाउस म्युझियममध्ये बालवाडीची पोरं कँडिन्स्कीपुढं फरशीवर मांडी घालून बसतात, हेही लिहिलं. जरा टेचातच.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. १९३७ साली ह्याच शहरात नाझींनी आधुनिक चित्रं भिंतीवर टांगून, शेजारी टवाळीची वाक्यं लिहून, लोकांना हसायला बोलावलं होतं. त्यात कँडिन्स्कीही होता. लेनबाखहाउसमधली त्याची चित्रं उरली ती त्याची एकेकाळची जोडीदार, चित्रकार गाब्रिएले म्युंटरनं मुर्नाउ गावातल्या घराच्या तळघरात लपवली म्हणून. १९५७ मध्ये तिनं ती शहराला दिली. म्हणजे इथल्यांना उपजतच कळत होतं असं काही नाही. पण भांडणात कोण असलं सांगत बसतंय?

कँडिन्स्कीला तर १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच रशियन म्हणून इथून निघावं लागलं. पुढं १९२८ ला तो जर्मन नागरिक झाला, १९३९ ला फ्रेंच. माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे. बायको दर महिन्याला विचारते. मी म्हणतो, बघू.

आणि आमच्या हॉलमध्ये काय लावलंय? अमूर्त वगैरे काही नाही. शाहू स्मारकच्या प्रदर्शनातनं आणलेला रंकाळा, संध्यामठाचे दगड मोजता येतील असा. शेजारीणबाईंनी एकदा विचारलं, तर अर्धा तास मी तिला राजाभाऊची भेळ सांगत होतो.

कँडिन्स्कीनं लिहिलंय, एका संध्याकाळी स्टुडिओत शिरला तर भिंतीला टेकवलेलं एक अवर्णनीय सुंदर चित्र दिसलं. कशाचं ते कळेना. जवळ जाऊन बघितलं तर त्याचंच, आडवं ठेवलेलं. आपल्या चित्रांना वस्तूच नडतात, हे त्याला तिथं उमगलं.

ग्रुपवर भांडून झाल्यावर त्या रात्री मीही रंकाळा खाली काढला, आडवा करून सोफ्याला टेकवला, दिवा मालवला. बराच वेळ बघितलं. रंकाळाच दिसला.