जॅक कार्डिफ निव्वळ तंत्रज्ञ होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रिटिश छायालेखक (कॅमेरामन) जॅक कार्डिफवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रंग टेक्निकलर या रंगीत सिनेमाचं तंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेचे, दृष्टी दिग्दर्शक मायकेल पॉवेलची, मग छायालेखकाचं एवढं कौतुक कशाला? हिमालयातल्या ख्रिस्ती जोगिणींवरच्या 'ब्लॅक नार्सिसस' सिनेमातला हिमालय खोटा, माणसं रंगवलेली. यूट्यूबवर पाहिलेले रंग तर भडक, कॅलेंडरसारखे. आणि खरा कलावंत 'रॅम्बो'च्या कॅमेऱ्यामागे कशाला उभा राहील?

हिमालयाचं आधी बोलू, कारण त्यातलं निम्मं मला मान्य आहे. ब्रिटिश नटी जीन सिमन्सचा चेहरा सावळा रंगवून तिला कांची ही स्थानिक मुलगी केली, ते आज बघवत नाही. त्याची बाजू मी घेणार नाही. पण पात्रं निवडणं कार्डिफच्या हातात नव्हतं. डोंगर पाइनवूड स्टुडिओत, चित्रं रंगवून उभे केले, कारण वारा, उजेड, रंग सगळं पॉवेलला स्वतःच्या ताब्यात हवं होतं. कार्डिफला मात्र आपला देश परका नव्हता. महायुद्धाआधी टेक्निकलरचा अवजड कॅमेरा घेऊन तो भारतात प्रवासपट चित्रित करून गेला होता.

आता मुख्य मुद्दा. त्या कॅमेऱ्यात लोलकातून प्रकाश फोडून एकाच वेळी तीन निगेटिव्ह उमटायच्या. प्रकाश अतोनात लागायचा. सगळीकडे भरपूर, सपाट उजेड ठेवा, गडद सावल्या नकोत, असाच कंपनीच्या तज्ज्ञांचा कल असे. छपाई प्रयोगशाळेत व्हायची हे खरं. पण निगेटिव्हवर नसलेली सावली प्रयोगशाळा आणणार कुठून? ती सेटवर दिवा लावणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे न लावणाऱ्या, माणसाकडूनच यायची.

हा माणूस तिथवर कसा पोचला तेही बघा. जन्म १९१४चा, ग्रेट यारमथचा. आईवडील संगीत-रंगभूमीवरचे कलाकार, सतत दौऱ्यावर, त्यामुळे शाळा एक धड नाही. १९३६च्या सुमारास टेक्निकलरला प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधला एक कॅमेरामन हवा होता. मुलाखतीत कार्डिफने सरळ सांगितलं की तांत्रिक बाबतीत मी कच्चा आहे. मग काय येतं? तर चित्रं बघतो, रेम्ब्रांट, वर्मीर यांच्या चित्रांत उजेड कुठून येतो ते बघतो. निवड त्याचीच झाली. ज्याला तुम्ही निव्वळ तंत्रज्ञ म्हणता, त्याला खुद्द तंत्रज्ञांनी घेतलं ते चित्रकलेच्या जोरावर!

'ब्लॅक नार्सिसस'मधला लिपस्टिकचा प्रसंग पुन्हा पाहा. एवढा वेळ आपण फिकट, पांढुरके झगे बघत आलेलो असतो. आणि रात्री सिस्टर रूथ गडद लाल पोशाखात समोर येते. ती आणि मठाची प्रमुख सिस्टर क्लोडा समोरासमोर बसतात, मध्ये मेणबत्ती. क्लोडा बायबल हातात घेते, रूथ लिपस्टिक काढते. पडद्यावर नुसते ओठ, आणि त्यावर चढत जाणारा लाल रंग. तो अंगावर येतो, कारण आधीचा सगळा सिनेमा कार्डिफने जपून, फिक्या रंगांत ठेवलाय आणि इथे भोवती खरोखरचा अंधार राहू दिलाय. टेक्निकलरमध्ये असा अंधार ठेवणं म्हणजे धाडस होतं. या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं.

पॉवेलची दृष्टी मोठी होती, याबद्दल वादच नाही. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'मध्ये समुद्रकिनाऱ्यावरचं दृश्य हळूहळू उजळत यावं ही इच्छा पॉवेलचीच. कार्डिफ पुढे झाला आणि भिंगावर श्वास सोडला. काच धुरकटली, मग आपोआप निवळत गेली. शॉट झाला. इच्छा एकाची, श्वास दुसऱ्याचा. श्रेय दोघांना द्यायला काय हरकत आहे? बॅलेवरच्या 'द रेड शूज' सिनेमाच्या वेळी तर कार्डिफला बॅलेमध्ये रस नव्हता. पॉवेलने त्याला बॅले बघायला पिटाळलं आणि तो बॅलेच्या प्रेमातच पडला. नर्तक उडीच्या टोकाला क्षणभर अधांतरी राहिल्यासारखा दिसावा, म्हणून चालू शॉटमध्ये कॅमेऱ्याचा वेग बदलण्याची करामत त्याचीच.

'रॅम्बो'चं म्हणाल, तर सत्तरीतला छायालेखक काम मिळतंय म्हणून करतो, यात मला तरी कमीपणा दिसत नाही. त्याआधी त्याने दिग्दर्शनही केलं. १९६०च्या 'सन्स अँड लव्हर्स'साठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन होतं. सिनेमा कृष्णधवल, आणि छायालेखन त्याने स्वतः केलं नाही. ते फ्रेडी फ्रान्सिसने केलं आणि ऑस्कर फ्रान्सिसला मिळालं. रंगांचा बादशहा म्हणून ज्याची ख्याती, त्याने आपल्या सिनेमातून रंग बाजूला ठेवले. हे निव्वळ तंत्रज्ञाचं लक्षण वाटतं का तुम्हाला? २००१ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं. आयुष्यभराच्या कामासाठी छायालेखकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

राहिला भडकपणा. जुन्या, घासलेल्या प्रतींवरून केलेल्या व्हिडिओत लाल रंग फुटतो आणि सावल्या चिखल होतात. 'द रेड शूज'च्या मूळ तीन पट्ट्यांच्या निगेटिव्हना बुरशी लागली होती. त्या साफ करून तयार केलेली प्रत २००९च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवली गेली. कार्डिफ त्याआधीच एप्रिलमध्ये वारला. ती नवी प्रत मोठ्या पडद्यावर, निदान दिवे मालवून टीव्हीवर तरी पाहा, मोबाइलवर नको. मग पुन्हा लिहा. तेव्हाही भडक वाटली तर आपण 'द रेड शूज'वरच, एकेक दृश्य समोर ठेवून वाद घालू.