पॉझिटिव्ह मित्र आणि पावसाळ्यातलं ट्रेनिंग

"पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांची मला पूर्वीपासून ॲलर्जी. रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार चिकटवून पाठवणारे एक काका आमच्या ग्रुपवर आहेत, त्यांना मी कधीच म्यूट केलंय. (काका, वाचत असाल तर राग मानू नका.) त्यामुळे एका मित्राच्या पॉझिटिव्ह स्वभावापायी मी आयर्नमॅन ७०.३ च्या नादी लागलोय, हे चारचौघांत सांगताना जीभ जरा अडखळते.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर आलं की ९० किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत. नावातले ७०.३ म्हणजे या सगळ्याची मैलांतली बेरीज. गोव्यात ही स्पर्धा २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झाली, तेव्हा आम्ही रस्ते बंद म्हणून वैतागणाऱ्यांत होतो.

मित्र फोंड्याचा. शाळेत असल्यापासून त्याला टाइप १ डायबेटीस आहे. "लहानपणी गोड फार खाल्लं असेल" असं त्याला अजूनही लोक ऐकवतात. गोडाचा इथे काही संबंध नाही, यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ बंद करतं. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आज नुसत्या टाइप १ वाल्यांची टीम नोव्हो नॉर्डिस्क नावाची व्यावसायिक सायकलिंग टीम आहे. पण आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत हे कोण ऐकून घेणार? तिथे त्याला एकच सल्ला मिळतो, "बाबा, तू आपला घरी बसून योगा कर."

त्याच्या दंडावर सेन्सर असतो आणि साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो. आकड्याशेजारी बाण: वर, खाली, आडवा. दोन-तीन तास सायकल चालवली की साखर खाली यायला लागते. उलट शर्यतीच्या सकाळी नुसत्या टेन्शनने ती वर चढू शकते. म्हणजे आपण फक्त किलोमीटर मोजायचे, त्याने किलोमीटर, कार्ब (खाण्यातली कर्बोदकं) आणि इन्सुलिन असं तिन्ही.

मध्यंतरी रायबंदरहून फेरीने दिवाडी बेटावर गेलो होतो. पिएदादच्या टेकडीची चढण पुन्हा पुन्हा मारायची, असा बेत. एकदा वर पोचलो आणि त्याचा मोबाइल किंचाळला. आकडा ७० च्या खाली, म्हणजे साखर फार उतरलेली, आणि बाण अजून खालीच. हात थरथरत होते, तरी त्याने जर्सीच्या मागच्या खिशातून ग्लुकोजच्या गोळ्या काढल्या, मोजून १५ ग्रॅम भरतील एवढ्या चघळल्या आणि घड्याळ लावलं. १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं, असा नियम आहे. मी पार हादरलेला. हा भिंतीला टेकून म्हणतो, "आतां कळ्ळें तें बरें जालें मरे. शर्यतीक कळ्ळें जाल्यार?" (आता कळलं ते बरं झालं रे, शर्यतीत कळलं असतं तर?) आणि घरी गेल्यावर वहीत लिहिलं: चढणीच्या आधी अर्धं केळं.

माझं मत बदललं ते त्या वहीमुळे. "सगळं छान होईल" हे वाक्य मी त्याच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. काय काय बिघडू शकतं याची यादी त्याच्याकडे माझ्यापेक्षा लांब आहे, फक्त प्रत्येक ओळीपुढे काहीतरी उपाय लिहिलेला असतो. मला तर रडगाणं गायला जून महिनाच पुरतो. किनाऱ्यावर लाल बावटे, समुद्र बंद, रस्त्यावर खड्डे कुठे नि पाणी कुठे कळत नाही, शिवाय भटकी कुत्री. त्याचं म्हणणं, कांपालचा स्विमिंग पूल तर उघडा आहे ना? मग चार महिने पोहण्याचं तंत्र सुधारू. आणि स्पर्धा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उकाड्यात असते. हवा दमट असली की घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, त्याच वेगाला हृदयाचे ठोके मात्र चढत जातात. कोरड्या हवेतून येणारे तिथे गळपटतात, आपण तर जन्मभर याच वाफेत शिजतोय. हा मुद्दा मात्र मला बिनतोड वाटला.

खाण्याचंही तसंच. परदेशी एनर्जी जेलच्या पुड्या घेताना माझा जीव वरखाली होतो. हा लांब राइडच्या आधी उकड्या तांदळाची पेज पितो, मीठ घालून, सोबत तोराचं, म्हणजे कैरीचं, लोणचं. कार्ब आले, सोडियम आलं, पाणीही आलं. शेतात राबणाऱ्या आमच्या आज्यांना हे कुठल्या कोचने सांगितलं नव्हतं. फक्त हा पेजेचे तांदूळ वजन करून घेतो. आई त्याच्यावर हसते.

आता थोडं कडू. असल्या गोष्टी वाचून "बघा, जिद्द असली की सगळं जमतं" अशा कमेंट येतील, त्या कृपया नकोत. तो सेन्सर साधारण १४ दिवसांनी बदलावा लागतो आणि तो स्वस्त नाही. इन्सुलिन आयुष्यभराचं. स्पर्धेची फी ऐकून माझे वडील काही वेळ बोललेच नाहीत. मित्राला बरी नोकरी आहे, घरचे पाठीशी आहेत, म्हणून त्याची वही चालते. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर हाच आजार असलेल्या पोराला स्वभाव पॉझिटिव्ह ठेवायला सांगण्याआधी त्याच्या साखर तपासायच्या स्ट्रिप्सचे पैसे कोण भरतंय ते विचारावं.

असो. नाव नोंदवलंय, पैसे गेलेत, त्यामुळे मागे फिरणं नाही. तूर्त अडचण एकच: पावसात सायकल घरात चालवायला होम ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) हवाय आणि नवा परवडत नाही. डिचोली, म्हापसा, पणजी भागात कुणाकडे कपडे वाळत घालायच्या कामी आलेला पडून असेल तर इनबॉक्स करा. आवाज करणारा चालेल, शेजाऱ्यांशी बोलणं झालंय.